वाढ किती टक्के? – भाजक कोणता धरावा, याविषयी

मुळशीकर

नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल लिहिण्याचे काम सचिव या नात्याने माझ्याकडे आहे. सर्वसाधारण सभेपूर्वी आकडे पक्के करताना कार्यकारिणीत जो मतभेद झाला, तो येथे मांडतो. गेल्या वर्षी मे महिन्यात पाण्याच्या टँकरच्या ४८ खेपा झाल्या होत्या, यंदा त्याच महिन्यात ६० झाल्या. मी अहवालात २५ टक्के वाढ लिहिली. खजिनदारांचे म्हणणे असे की, वाढलेल्या १२ खेपा म्हणजे ६० चा पाचवा हिस्सा, म्हणून वाढ २० टक्के आहे. दोघांचीही आकडेमोड बिनचूक आहे आणि उत्तरे मात्र दोन आहेत.

याच अहवालात आणखी तीन बाबी आहेत. जिन्यातील दिवे, लिफ्ट आणि पंप यांचा सामायिक वीजवापर सौर पॅनेल बसवल्यानंतर महिन्याला २,४०० युनिटवरून २,१०० युनिटवर आला. संस्थेच्या मुदत ठेवीचा व्याजदर साडेसहा टक्क्यांवरून सात टक्के झाला, तेव्हा वाढ अर्धा टक्का म्हणावी की ७.७ टक्के, असा प्रश्न आहे. आणि वाहनांच्या चार्जिंगसाठी वेगळे मीटर यंदा प्रथमच बसले. गेल्या वर्षी तेथे वापर शून्य होता, यंदा ३१० युनिट झाला. ही वाढ टक्क्यांत कशी लिहावी? सभासद हिशेब बारकाईने वाचतात, त्यामुळे जे लिहायचे ते कोणालाही पडताळून पाहता यावे अशी इच्छा आहे.

खडूफळा

मुळशीकर, वाढीची टक्केवारी काढताना ज्या आकड्यापासून बदल सुरू झाला तोच आकडा भाजक असतो. खेपा ४८ होत्या, त्यांत १२ ची भर पडली, म्हणून १२ भागिले ४८, गुणिले १००, म्हणजे २५ टक्के. खजिनदारांचे २० टक्के हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे: यंदाच्या एकूण खेपांपैकी किती हिस्सा जादा होता, किंवा पुढच्या वर्षी खेपा पुन्हा ४८ वर आणायच्या असतील तर किती टक्के कपात करावी लागेल. दोन्ही प्रश्न विचारण्याजोगे आहेत, पण अहवालात ‘गेल्या वर्षीपेक्षा वाढ’ असे शब्द असतील तर उत्तर २५ हेच येते.

शाळेत शिकवताना मी मुलांना टक्क्यांच्या आधी ‘पट’ काढायला लावत असे, आणि मोठ्यांनाही तीच वाट सोपी जाते असा माझा अनुभव आहे. नवा आकडा भागिले जुना आकडा, एवढेच करावे. ६० भागिले ४८ म्हणजे १.२५ पट, एकाच्या वर जे उरले ते वाढीचे २५ टक्के. विजेसाठी २,१०० भागिले २,४०० म्हणजे ०.८७५ पट; एकाला जे कमी पडले ते घटीचे साडेबारा टक्के. या पद्धतीचा मोठा लाभ असा की, लागोपाठचे बदल एकमेकांत मिळवण्याचा मोह होत नाही, कारण पटींचा गुणाकारच करावा लागतो. टँकरच्या खेपा यंदा २५ टक्क्यांनी वाढल्या आणि पुढच्या वर्षी २५ टक्क्यांनी घटल्या, तर त्या ४८ वर परत येत नाहीत, १.२५ गुणिले ०.७५ म्हणजे ०.९३७५, अर्थात ४५ खेपा होतात. देखभाल शुल्क लागोपाठ तीन वर्षे १० टक्क्यांनी वाढवले तर ते ३० टक्क्यांनी नव्हे, तर ३३.१ टक्क्यांनी वाढलेले असते.

शून्यावरून झालेल्या वाढीला टक्केवारी नसते, कारण शून्याने भागता येत नाही. तेथे ‘शंभर टक्के वाढ’ असे लिहिण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती चूक आहे. शंभर टक्के वाढ म्हणजे दुप्पट, आणि शून्याची दुप्पट शून्यच. ‘मीटर यंदा बसले, वापर ३१० युनिट’ एवढे वाक्य पुरेसे आहे. व्याजदराबाबत दोन्ही दर लिहावेत, ‘साडेसहावरून सात टक्के’, म्हणजे संदिग्धता राहत नाही.

मुळशीकर

आभारी आहे, गुरुजी. खजिनदारांना पटीची पद्धत लगेच पटली. मात्र एका सदस्यांनी आता नवा मुद्दा काढला आहे. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ६४ खेपा झाल्या होत्या, तेव्हा तुलना त्या वर्षाशी केली तर सव्वासहा टक्के घट दिसते आणि कार्यकारिणीचे काम चांगले दिसते. हिशेब बरोबर आहे, पण मन मानत नाही.

पर्जन्यमापक

मन मानत नाही ते योग्यच आहे. कोणते वर्ष पायाभूत धरायचे हे निकाल पाहून ठरवले, तर हवा तो निकाल मिळवता येतो. ज्या मोजमापात दरवर्षी चढउतार होणारच, तेथे एका वर्षाशी तुलना करणेच मुळात कच्चे असते, आणि म्हणूनच भारतीय हवामान विभाग मोसमी पावसाची तुलना गेल्या वर्षीशी न करता दीर्घकालीन सरासरीशी करतो. सध्याची सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची असून जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी ती देशभरात सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. २०२३ साली देशात ८२० मिलिमीटर पाऊस झाला आणि २०२४ साली ९३५ मिलिमीटरच्या आसपास. गेल्या वर्षीशी तुलना केली तर २०२४ चा पाऊस १४ टक्क्यांनी वाढला. सरासरीशी केली तर तो ८ टक्क्यांनी अधिक होता. दोन्ही विधाने खरी आहेत, पण शेतकऱ्याला उपयोगी दुसरे आहे, कारण पहिल्यात २०२३ ची तूट मिसळलेली आहे.

बातम्यांत आणखी एक घोटाळा नेहमी होतो. ‘सरासरीच्या १०८ टक्के पाऊस’ आणि ‘सरासरीपेक्षा १०८ टक्के अधिक पाऊस’ या दोन वाक्यांत एक-दोन शब्दांचा फरक आहे आणि पावसात शंभर टक्क्यांचा. पहिल्याचा अर्थ आठ टक्के जास्त, दुसऱ्याचा अर्थ दुपटीहून जास्त.

हवामान विभागाची प्रतवारीही येथे सांगण्यासारखी आहे. सरासरीहून उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांपर्यंतचा पाऊस सर्वसाधारण मानला जातो, २० ते ५९ टक्के अधिक असेल तर जास्त, आणि ६० टक्के वा त्याहून अधिक असेल तर अतिजास्त. ही प्रतवारी पावसाळ्यात अर्थपूर्ण असते. पण फेब्रुवारीत ज्या जिल्ह्याची सरासरीच एखाद-दोन मिलिमीटर आहे, तेथे एक सर आली तरी जिल्हा नकाशावर अतिजास्तच्या रंगात रंगतो. भाजक लहान असला की टक्के फुगतात, आणि त्या फुगवट्याखाली पाणी किती पडले हे पाहायला मूळ मिलिमीटरच लागतात.

मुळशीकर, आपल्याकडे पाच-सहा वर्षांचे मे महिन्याचे आकडे असतील तर त्यांची सरासरी काढा आणि तिच्याशी तुलना करा. ते नसतील तर ६४, ४८ आणि ६० हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापा.

भीमाकाठ

विषय पाण्याचा निघाला आहे म्हणून उजनी धरणाचे उदाहरण सविस्तर लिहितो. आमच्या सोलापूर जिल्ह्यात जूनपासून घरोघरी दोनच आकडे विचारले जातात: दौंडचा विसर्ग किती आणि उजनी किती टक्के. पुण्याच्या वरच्या अंगाला खडकवासला धरणसाखळीतून सोडलेले पाणी मुठेतून भीमेत येते, दौंडला मोजले जाते आणि पुढे उजनीत साठते. आता उजनीची टक्केवारी ही इतर मोजमापांच्या टक्केवारीहून निराळी आहे, आणि ती न समजता केलेली ‘वाढ’ फार फसवी ठरते.

धरणात दोन साठे असतात. एका ठरावीक पातळीखालचा मृतसाठा आणि तिच्या वरचा उपयुक्त साठा. उजनीचा मृतसाठा ६३.६६ टीएमसी आहे, उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, आणि दोन्ही मिळून सुमारे ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सांगायचे तर जवळजवळ २,८३२ कोटी लिटर. वर्तमानपत्रात येणारे टक्के फक्त उपयुक्त साठ्याचे असतात. त्यामुळे ‘उजनी शून्य टक्के’ म्हणजे धरण कोरडे नसते. त्या दिवशीही त्यात ६३ टीएमसीहून अधिक पाणी उभे असते. शून्याखालीही मोजणी चालू राहते, म्हणून ‘उणे’ टक्के येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले होते. उणे ५० टक्क्यांना एकूण पाणी सुमारे ३७ टीएमसी असते. उलट पावसाळ्याच्या शेवटी दरवाजांच्या आधाराने १११ टक्क्यांपर्यंत साठा केला जातो, तेव्हा ते १२३ टीएमसीच्या घरात जाते.

आता वाढ काढून पाहा. साठा १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आला की ‘उजनीतील साठा दुप्पट’ असे मथळे येतात. उपयुक्त साठा दुप्पट झाला हे खरे. पण धरणातील एकूण पाणी ६९.०२ टीएमसीवरून ७४.३७ टीएमसी झाले, म्हणजे वाढ पावणेआठ टक्के. आणि साठा उणे २० वरून अधिक १० टक्क्यांवर आला तर? मघाच्या सूत्रात हे आकडे जसेच्या तसे घातले तर ३० भागिले उणे २०, म्हणजे ‘उणे १५० टक्के वाढ’ असे उत्तर येते, ज्याला काहीही अर्थ नाही. टीएमसीत मांडले की चित्र स्वच्छ होते: ५२.९५ वरून ६९.०२, म्हणजे ३० टक्क्यांहून थोडी अधिक वाढ.

याचे कारण असे की, उजनीच्या टक्केवारीतला शून्य निसर्गाने दिलेला नाही, तो माणसाने एका पातळीवर आखलेला आहे. जेथे शून्य आखलेला असतो, तेथे वाढीचे टक्के काढण्याआधी खऱ्या शून्यापासूनच्या मापाकडे परतावे लागते. पाणी सोडण्याच्या आवर्तनांचे निर्णय, पिण्याचे आरक्षण, उसाला किती पाळ्या मिळणार हे सारे या आकड्यांवर ठरते, म्हणून मला हा मुद्दा केवळ गणिताचा वाटत नाही.

डॅलसस्थित

भीमाकाठ, आपल्या प्रतिसादातील आखलेल्या शून्याचा मुद्दा तापमानाला तंतोतंत लागू पडतो. येथे अमेरिकेत फॅरनहाइट वापरतात आणि घरी नागपूरला बोलताना सेल्सिअस, त्यामुळे ही गोष्ट मला रोज दिसते. तापमान ३० अंश सेल्सिअसवरून ३३ झाले तर कोणी म्हणेल १० टक्के वाढ. तेच तापमान फॅरनहाइटमध्ये ८६ वरून ९१.४ होते, म्हणजे ६.३ टक्के. केल्विनमध्ये ३०३.१५ वरून ३०६.१५, म्हणजे एक टक्काही नाही. हवा तीच, उकाडा तोच, आणि उत्तरे तीन. ज्या मापाची टक्केवारी एकक बदलल्याने बदलते, त्या मापाची टक्केवारी काढू नये. किलो आणि पौंड, मीटर आणि फूट, लिटर आणि गॅलन यांत असे होत नाही, कारण त्यांचा शून्य एकच आहे.

कर्जविभाग

मी बँकेत गृहकर्जाचे काम पाहतो. मुळशीकर यांच्या ठेवीच्या व्याजदराच्या प्रश्नाला गुरुजींनी थोडक्यात उत्तर दिले, पण कर्जाच्या बाजूने हा विषय फार खोल आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ४ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने साडेसहा टक्क्यांवर नेला. ज्यांचे गृहकर्ज रेपो दराशी जोडलेले होते, त्यांचा दरही तेवढाच, म्हणजे अडीच टक्क्यांनी चढला. समजा, एखाद्याने ३० लाख रुपये २० वर्षांसाठी साडेसहा टक्क्यांनी घेतले होते आणि दर ९ टक्के झाला. ‘अडीच टक्के वाढ’ हे दोन दरांमधले अंतर झाले. दराची स्वतःची वाढ मात्र साडेसहावर अडीच, म्हणजे साडेअडतीस टक्के. आणि कर्जदाराच्या खिशातून जाणारा हप्ता २२,३६७ रुपयांवरून २६,९९२ रुपये होतो, म्हणजे २०.७ टक्क्यांनी वाढतो. अडीच, साडेअडतीस आणि २०.७ यांपैकी खोटा आकडा एकही नाही, पण घरखर्चाचे नियोजन करणाऱ्या माणसाला तिसरा हवा असतो आणि कानावर पडतो तो बहुधा पहिला.

अनेक कर्जदार हप्ता आहे तोच ठेवून मुदत वाढवून घेण्याचा पर्याय निवडतात. त्या वेळी दर वाढल्याचे जाणवत नाही, कारण दरमहा खात्यातून जाणारी रक्कम बदलत नाही. पण वरच्याच उदाहरणात, कर्ज नुकतेच घेतलेले असेल, तर ९ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याज २२,५०० रुपये होते आणि जुना हप्ता आहे २२,३६७ रुपये. म्हणजे हप्त्यातून मुद्दल एक रुपयाही फिटत नाही, उलट दरमहा १३३ रुपये मुद्दलात चढू लागतात. अशा कर्जाची मुदत कितीही वाढवली तरी ते संपत नाही. हप्ता वाढवावाच लागतो. ‘अडीच टक्क्यांनी काय होते’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोन आकडे कागदावर शेजारी लिहून दाखवतो.

निवृत्तीधारक

कर्जविभाग यांनी दाखवलेला फरक महागाई भत्त्यातही आहे, फक्त उलट्या दिशेने. केंद्र सरकारने जुलै २०२५ पासून महागाई भत्ता मूळ वेतनाच्या ५५ टक्क्यांवरून ५८ टक्के केला. त्या दिवशी शेजारीपाजारी ‘पगार तीन टक्क्यांनी वाढला’ असे म्हणत होते. मूळ वेतन ४०,००० रुपये धरू. आधी भत्ता २२,००० आणि एकूण ६२,०००. नंतर भत्ता २३,२०० आणि एकूण ६३,२००. हाती येणारी वाढ १,२०० रुपये, म्हणजे १.९ टक्के. घरभाडे भत्ता मिळवला तर ती त्याहूनही कमी भरते. तीन टक्के मूळ वेतनावरचे आहेत आणि माणूस खर्च करतो तो संपूर्ण पगारातून. भत्त्याची टक्केवारी जसजशी वाढत जाते, तसतशी त्याच तीन टक्क्यांची खरी किंमत कमी होत जाते, ही गोष्ट निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याच्या चांगलीच लक्षात येते.

बाजारपेठ

सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले तेव्हा माझ्या दुकानात रोज हाच संवाद होत असे. वातानुकूलन यंत्रावरचा कर २८ टक्क्यांवरून १८ झाला, म्हणून ग्राहक किंमत १० टक्के कमी मागत. पण कर हा करापूर्वीच्या किमतीवर असतो. ३०,००० रुपयांच्या यंत्राची करासह किंमत ३८,४०० वरून ३५,४०० झाली, म्हणजे ७.८ टक्के घट. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलेल्या वस्तू सात नव्हे, सव्वासहा टक्क्यांनी उतरतात. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर पूर्ण गेला, तरी हप्ता ११८ वरून १०० झाला, म्हणजे सव्वापंधरा टक्के कमी.

रोखठोक

हे सारे वाचून माझे मत असे झाले की, सर्वसामान्य कागदपत्रांतून टक्केवारी हद्दपारच करावी आणि फक्त मूळ आकडे द्यावेत. रुपये, लिटर, युनिट हे सर्वांना कळते.

खडूफळा

रोखठोक, आपली तळमळ समजते, पण हा उपाय मला मान्य नाही. एका इमारतीत टँकर १० वरून १५ झाले आणि दुसरीत १०० वरून ११० झाले, तर फक्त आकड्यांची भर पाहून दुसरीत दुप्पट बिघाड आहे असे वाटेल. गळती शोधायला मात्र आधी पहिल्या इमारतीत जायला हवे, आणि हे ५० टक्के व १० टक्के मांडल्याशिवाय दिसत नाही. लहान आणि मोठे एका मापात आणण्याचे काम टक्केवारीच करते. तिच्याबरोबर मूळ आकडे द्यावेत, ही मागणी रास्त आहे.

वार्षिक वाढीबद्दलही येथेच लिहितो. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार ६२७ होती आणि २०११ मध्ये ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३. दहा वर्षांची वाढ १५.९९ टक्के. तिला दहाने भागून ‘दरवर्षी १.६ टक्के’ असे लिहिलेले अनेक ठिकाणी आढळते. पण प्रत्येक वर्षीची वाढ आधीच्या वाढीव लोकसंख्येवर होत असल्याने, ज्या संख्येचा दहा वेळा गुणाकार केल्यावर १.१५९९ पट येते ती संख्या शोधावी लागते, आणि ती १.०१४९५ आहे, म्हणजे दरवर्षी सुमारे दीड टक्का. दहा वर्षांत हा फरक किरकोळ वाटतो, तीस वर्षांचा अंदाज बांधताना तो वाटत नाही.

शंकूसाखळी

मी भूमापनात होतो. आतापर्यंतची चर्चा एकाच मापाच्या वाढीची झाली. लांबी-रुंदी दोन्ही वाढतात तेव्हा काय होते, ते जमिनीवर चांगले दिसते. जुन्या मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आता ३० फूट बाय ३० फूट असा भूखंड घ्या. तो ९०० चौरस फुटांचा आहे. त्याची प्रत्येक बाजू फक्त १० टक्क्यांनी वाढवली की तो बरोबर एक गुंठा होतो आणि क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढलेले असते.

याच कारणाने साखळीची तपासणी काटेकोरपणे करावी लागे. वापराने कड्या ताणल्या जाऊन ३३ फुटांची साखळी चार इंचांनी लांबली, तर लांबीतील दोष एका टक्क्याचा दिसतो. क्षेत्रफळात तो दोन टक्क्यांचा होतो, आणि ज्या जमिनीची नोंद एक एकर झाली ती प्रत्यक्षात सुमारे ८८० चौरस फुटांनी जास्त भरते. बांधाच्या वादात एवढी जागा फार मोठी असते.

दूरचित्रवाणी संच घेताना हीच गोष्ट लक्षात ठेवावी. ३२ इंची पडद्याऐवजी ४३ इंची घेतला तर कर्ण ३४ टक्क्यांनी वाढतो आणि पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ८१ टक्क्यांनी. तसेच सदनिकेचे. चटई क्षेत्रावर ३० टक्के भार चढवून सुपर बिल्टअप क्षेत्र सांगितले जाते, तेव्हा १,००० चौरस फुटांतून ३० टक्के वजा करून ७०० काढणे बरोबर नाही. १,००० ला १.३ ने भागून ७६९ मिळतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्रावरच विक्री बंधनकारक केल्यापासून हा घोळ कमी झाला, तरी जुन्या सदनिकांच्या पुनर्विक्रीत तो अजून भेटतो.

माजघर

घरात रोज लागणाऱ्या वस्तूंविषयी मला एक नोंद करावीशी वाटते. बिस्किटांचा किंवा साबणाचा दर तोच राहतो आणि पुडा बारीक होत जातो, हे सगळ्या गृहिणींना ठाऊक आहे. पण १०० ग्रॅमचा पुडा ८० ग्रॅमचा झाला तर महागाई २० टक्के नव्हे, २५ टक्के झालेली असते. दहा रुपयांत आधी ग्रॅमला १० पैसे पडत होते, आता साडेबारा पैसे पडतात. वजन अर्धे झाले तर भाव दुप्पट, म्हणजे १०० टक्के वाढ. आता पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा दर मिलिलिटरचा भाव छापलेला असतो. तो बारीक अक्षरातला आकडा महिन्याच्या यादीत उतरवून ठेवला की पुढच्या वेळी तुलना आपोआप होते.

गाडीच्या मायलेजचेही असेच, पण उलट. लिटरला ४० किलोमीटर देणारी दुचाकी बदलून ५० देणारी घेतली तर मायलेज २५ टक्क्यांनी वाढते आणि पेट्रोलचा खर्च २० टक्क्यांनी कमी होतो.

अंगणवाडी_पर्यवेक्षिका

गुरुजी, माझा प्रश्न थोडा निराळा आहे. आमच्याकडे बाळांची वजने दरमहा नोंदवली जातात. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरणे सर्वसाधारण मानले जाते, आणि नंतर ते भरून निघते. तीन किलोचे बाळ २.७ किलोवर आले तर घट १० टक्के. पुन्हा तीन किलो झाले तर वाढ ११.१ टक्के. हे आता या धाग्यामुळे सेविकांना नीट समजावता येईल. पण नोंदवहीत काही जणी ‘३.४५ टक्के वाढ’ असे दोन दशांशांपर्यंत लिहितात. एवढी सूक्ष्मता खरी मानावी का?

खडूफळा

ताई, आपल्याकडचा वजनकाटा टांगायचा आणि १०० ग्रॅमच्या खुणांचा असेल, तर त्या सूक्ष्मतेला आधार नाही. २.९ किलोवरून ३.० किलो झाले की गणकयंत्र ३.४५ टक्के दाखवते, पण काट्यावर ते अंतर एकाच खुणेचे आहे. बाळाने पाय हलवला, अंगावर झबले राहिले किंवा नुकतेच दूध पाजलेले असले, तरी काटा तेवढा सरकू शकतो. टक्केवारी जितकी अचूक दिसते, तितकीच ती मोजमापात असते असे नाही. ज्या दोन वजनांच्या वजाबाकीतून ती निघते, त्यांतला प्रत्येक आकडा अर्ध्या खुणेने इकडे-तिकडे असू शकतो. तेव्हा एका महिन्यातली एका खुणेची वाढ टक्क्यांत न लिहिता ‘१०० ग्रॅम’ अशी लिहावी, वजन शक्यतो त्याच वेळी, त्याच काट्यावर आणि कपडे काढून घ्यावे, आणि टक्केवारी दोन-तीन महिन्यांच्या अंतराने काढावी. तीन किलोचे बाळ चार किलो ८०० ग्रॅमचे झाले की वाढ ६० टक्के येते, आणि त्या वेळी एका खुणेची चूक झाली तरी उत्तर ५६ ते ६४ टक्क्यांच्या आतच राहते.

अंगणवाडी_पर्यवेक्षिका

समजले. पुढच्या मासिक बैठकीत नोंदवहीतील ‘वाढ’ या रकान्यात टक्क्यांऐवजी ग्रॅम लिहायला सांगते आणि टक्क्यांसाठी तिमाहीचा वेगळा रकाना आखून देते. पहिल्या तिमाहीचा भाजक जन्मवजन धरावा की उतरलेले वजन?

खडूफळा

जन्मवजन धरावे. ते प्रत्येक बाळाचे एकदाच आणि नोंदलेले असते. उतरलेले वजन कोणत्या दिवशी मोजले यावर बदलते, आणि घरी प्रसूती झालेल्या किंवा उशिरा नोंदवलेल्या बाळांच्या बाबतीत ते बहुधा मोजलेलेच नसते. जन्मवजनाची नोंद ज्या बाळाची नाही, त्याच्या रकान्यात टक्केवारी न भरता पहिल्या मोजणीची तारीख आणि वजन लिहावे.